कातळावरच्या चित्रांना हात का लावायचा नाही, आणि त्यांचं वय कसं कळतं

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला काकाडू नॅशनल पार्क आहे, तिथे उबिर नावाचं ठिकाण आहे, आणि तिकडे जाणारे लोक हमखास विचारतात की चित्रं बघायला दोन तास पुरतील ना. पुरतात की. पायवाट एक किलोमीटरची आहे, गोल फिरून परत गाडीपाशी येता. पण काहीच माहिती न घेता गेलात तर पांढरे-तांबडे मासे दिसतील, थोडे फोटो निघतील, जागोजागी "हात लावू नका", "पायवाट सोडू नका" अशा पाट्या दिसतील आणि त्या बघून थोडा वैतागही येईल. या पाट्यांमागे भरपूर केमिस्ट्री आहे, थोडं कायद्याचं आहे आणि बरंचसं असं आहे की ही चित्रं ज्यांची आहेत ते ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी आजही तिथेच राहतायत. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते, म्हणून हा लेख.

आधी रंग कशाचे ते बघू. लाल म्हणजे गेरू, लोखंडाचं ऑक्साइड. पिवळा पण लोखंडाच्याच दुसऱ्या एका खनिजाचा. पांढरा म्हणजे पांढरी माती, आणि काळा बहुतेक वेळा साधा कोळसा. दगडावर घासून पूड करायची, पाण्यात कालवायची, काडीचं किंवा सालीचं टोक चावून ब्रश करायचा आणि रंगवायचं. हाताचे ठसे दिसतात ना, त्यातले बरेचसे ठसे नसतातच मुळी, हात कातळावर ठेवून तोंडातून रंग फुंकलेला असतो, त्यामुळे हाताची जागा कोरी राहते आणि भोवती रंग.

आता गंमत अशी की हे सगळे रंग सारखे टिकत नाहीत. गेरूचे कण बारीक असतात, ते सँडस्टोनच्या छिद्रांमध्ये उतरतात आणि दगडाला अक्षरशः डाग पडल्यासारखे बसतात. पांढरी माती मात्र वरवर बसते आणि पापुद्र्यासारखी सुटून पडते. म्हणजे अगदी जुनं चित्र नुसतं तांबडं दिसतंय म्हणून ते एकाच रंगात काढलं होतं असं नाही, कदाचित पांढरा-पिवळा केव्हाच गळून गेलाय आणि आपण उरलेला सांगाडा बघतोय. माझ्या मते हे एवढं एक जरी डोक्यात ठेवून गेलात तरी बघण्याची नजर बदलते.

दगडावरून पाणी झिरपताना त्यातली सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असतं ते द्रव्य, थोडी थोडी साठत जाते आणि काही ठिकाणी चित्रावर काचेसारखा पातळ थर चढतो, तो उलट चित्राला सांभाळतो. पण त्याच पाण्यात क्षारही असतात. पाणी सुकलं की क्षारांचे खडे तयार होतात, ते फुगतात आणि दगडाचा पातळ पापुद्रा रंगासकट ढकलून देतात. म्हणजे पाणीच टिकवतं आणि पाणीच मारतं, कुठून किती वाहतं त्यावर सगळं. पूर्वी फोटो उठावदार यावा म्हणून चित्रावर पाणी मारायची पद्धत होती, बऱ्याच देशांत होती, आणि त्यातून झालेलं नुकसान भरून येत नाही, कारण पाणी आतले क्षार हलवतं.

काकाडूमध्ये एक गोष्ट जवळून बघा, बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चित्राच्या वरच्या बाजूला, पुढे आलेल्या कातळावर, सिलिकॉनची एक बारीक रेघ मारलेली दिसते, बाथरूमच्या फटीत भरतात तशी. पावसाचं पाणी ओघळत चित्राकडे यायला लागलं की त्या रेघेपाशी अडतं आणि तिथूनच थेंब थेंब खाली पडतं, चित्रापर्यंत पोचत नाही. इतका साधा उपाय. याच्यापुढे महागडी मशिनं पण फिकी.

हाताचं म्हणाल तर घाम, तेल आणि घासणं हे तिन्ही एकदम होतं. एका माणसाने काही होत नाही हे खरंय, पण उबिरसारख्या ठिकाणी एकच माणूस येत नाही ना. आणि हातापेक्षा पायांचा त्रास कमी नाही, पायवाट सोडून चाललं की धूळ उडते, ती भिंतीवर बसते, ओलीने चिकटते. इथे एक मोठा खलनायक माणूस नव्हताच, रानटी म्हशी होत्या. १९व्या शतकात बाहेरून आणलेल्या म्हशी मोकाट सुटल्या, प्रचंड वाढल्या आणि सावलीला कातळाखाली येऊन भिंतींना अंग घासायला लागल्या. चिखलाने माखलेली म्हैस आणि हजारो वर्षांचं चित्र, पुढचं सांगायला नको. नंतर मोठी मोहीम काढून त्यांची संख्या कमी केली गेली.

कधी कधी संरक्षणासाठी केलेलंच अंगाशी येतं. क्वीन्सलँडमध्ये कार्नार्व्हन गॉर्ज भागात बलून केव्ह म्हणून जागा आहे, तिथे लोकांनी धूळ उडवू नये, भिंतीला टेकू नये म्हणून रिसायकल केलेल्या प्लास्टिकचा चालण्याचा प्लॅटफॉर्म केला होता. २०१८ च्या वणव्यात तो पेटला, त्या उष्णतेने कातळाचे पापुद्रे उडाले आणि चित्रांचं भयंकर नुकसान झालं. हेतू चांगला होता, मटेरियल चुकलं. वणवे लागणाऱ्या जागी पेट्रोलियमपासून केलेला प्लॅटफॉर्म, आता ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा पर्यावरणपूरक म्हणूनच वापरला गेला असणार.

बरं, आता वयाचं. सगळ्यात किचकट भाग हाच आणि सगळ्यात जास्त थापाही यातच मारल्या जातात. कुणीतरी छातीठोक सांगतं "हे चित्र ४० हजार वर्षं जुनं", तर पहिला प्रश्न विचारायचा, कशावरून?

कार्बन डेटिंग सगळ्यांना माहिती असतं, पण ते चालतं फक्त कधीतरी जिवंत असलेल्या गोष्टीवर, म्हणजे लाकूड, हाड, कोळसा, मेण. गेरू तर खनिज आहे, त्यात मोजण्यासारखा कार्बनच नाही. आणि गेरूचा दगड किती जुना हे काढलं तरी उपयोग काय, तो कोट्यवधी वर्षं जुना असणार, माणसाने तो कधी भिंतीला लावला हे त्यातून कळत नाही. कोळशाने काढलेलं असेल तर जमतं. काकाडू ज्या प्रांतात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरीत जावोयन लोकांच्या प्रदेशात नावर्ला गाबार्नमांग नावाची कातळाची ओसरी आहे, तिथे छतातून निसटून खाली पडलेला चित्राचा एक तुकडा उत्खननात सापडला, त्यावरच्या कोळशाच्या रेषा साधारण २८ हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या. काकाडूला लागूनच असलेल्या आर्नहेम लँडमध्ये रानटी मधमाश्यांचं मेण भिंतीवर दाबून केलेल्या आकृत्या आहेत, त्यांचं वय थेट काढता येतं, कारण मेण ताजं असतानाच चिकटवावं लागतं. कोळशात तशी खात्री नाही, कुणी जुन्या वाळक्या लाकडाचा कोळसा वापरला असेल तर लाकडाचं वय येईल, चित्राचं नाही.

मग उरलेल्या हजारो गेरूच्या चित्रांचं काय करायचं? इथे कुंभारीण माशी मदतीला येते. तीच, चिखलाचं घरटं करणारी. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्ली भागात या माश्या कातळाच्या ओसरीत हजारो वर्षांपासून घरटी बांधतायत, आणि तिथे वणवे कायमचे, त्यामुळे माशी जो चिखल आणते त्यात वणव्याच्या कोळशाचे बारीक कण आपोआप येतात. घरटं झिजून दगडासारखं टणक झालेलं असतं, त्यातून ते कण वेगळे करून कार्बन डेटिंग करतात. घरटं चित्राच्या खाली असेल, म्हणजे चित्रकाराने जुन्या घरट्यावरूनच रंगवलं असेल, तर चित्र त्या घरट्यापेक्षा नवं. घरटं चित्राच्या वर असेल तर चित्र त्याच्यापेक्षा जुनं. एकाच चित्राला खाली आणि वर दोन्हीकडे घरटी मिळाली तर चित्र मधोमध पकडलं जातं.

असं दोन्हीकडून मिळणं महादुर्मिळ, पण बालांगारा लोकांच्या प्रदेशातल्या एका कांगारूच्या बाबतीत मिळालं. दोन मीटर लांबीचं कांगारूचं चित्र, खाली तीन घरटी, वर तीन घरटी, आणि वय आलं १७,५०० ते १७,१०० वर्षांच्या मध्ये. हे २०२१ ला प्रसिद्ध झालं. त्याआधी २०२० ला याच पद्धतीने ग्वियन ग्वियन म्हणतात त्या लांबसडक, नटलेल्या माणसांच्या चित्रांचं वय साधारण १२ हजार वर्षं असं निघालं. रेंजर ज्या माश्यांची घरटी चित्रांवर होऊ नयेत म्हणून धडपडतात, त्यांच्याच पूर्वजांनी हे वय सांगितलं, हे मला फार आवडतं.

लॅबशिवायही बरंच कळतं, आणि हे तुम्ही स्वतः तिथे उभं राहून करू शकता. उबिरला वर कातळावर एक पट्टेरी प्राणी आहे, थायलसिन, ज्याला टास्मानियन टायगर म्हणतात. तो टास्मानियात १९३६ पर्यंत जिवंत होता, पण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच गेला. म्हणजे चित्र त्याच्या आधीचं असणार, न बघितलेला प्राणी कोण कशाला काढेल. समुद्राचंही तसंच. हिमयुगात किनारा इथून खूप लांब होता, पाणी चढत चढत आलं आणि नद्यांमध्ये भरतीचं खारं पाणी शिरलं, मग चित्रांमध्ये खाडीतले मासे दिसायला लागतात. त्यानंतर गेल्या दोनेक हजार वर्षांत गोड्या पाण्याच्या दलदली झाल्या, मग मॅगपाय गूज नावाचे पक्षी येतात. मेन गॅलरीतले ते प्रसिद्ध एक्स-रे मासे, ज्यांच्या पोटातला काटा आणि आतडी पण दाखवलीयत, ते बहुतेक या शेवटच्या काळातले. आणि त्याच भिंतीवर पँट-शर्ट-बूट घातलेला एक गोरा माणूस आहे, बहुधा १८८० च्या दशकात म्हशींच्या शिकारीला आलेल्यांपैकी. काकाडूतच नांगुलुवुर इथे तर चक्क दोन डोलकाठ्यांचं गलबत काढलंय, नांगराच्या साखळीसकट आणि मागे बांधलेल्या छोट्या होडीसकट.

म्हणजे एकाच भिंतीवर हजारो वर्षांचे थर, एकावर एक. जुनं पुसायचं नाही, त्याच्यावरच काढायचं. इथे आपल्यासारख्या पाहुण्यांचा गोंधळ होतो, कारण म्युझियममध्ये फिरून सवय अशी लागलेली असते की जुनं ते मौल्यवान आणि नवीन हात लागला की ते भ्रष्ट.

काकाडूतच बुरुंगकुई नावाचा कातळ आहे, जुन्या नकाशांवर नूरलँजी. तिथल्या आनबांगबांग गॅलरीत नामार्गोन आहे, वीज पाडणारा पूर्वज. नीट बघा, त्याच्या हात, डोकं, पाय यांना जोडत एक पट्टा गेलाय, ती वीज. कोपर आणि गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी आहेत, त्या आपटल्या की गडगडाट. त्याची मुलं म्हणजे केशरी-निळ्या रंगाचे नाकतोडे, जे पावसाळ्याच्या तोंडाशी दिसतात आणि वादळं येणार हे कळतं. आता हे चित्र बघून सगळे विचारतात, किती हजार वर्षांचं? तर आज दिसतं त्या रूपात ते १९६४ च्या आसपासचं आहे. नायोंबोल्मी नावाच्या चित्रकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी जुन्या फिकट चित्रांच्या जागी ते परत रंगवलं. नायोंबोल्मीने या परिसरात शेकडो चित्रं काढली असं म्हणतात. आणि या भागातल्या काही चित्रांमध्ये निळा रंग दिसतो, तो खनिज नाहीच, तो कपड्यांना घालायची नीळ आहे! दुकानात नवा रंग मिळाला, वापरला. जिवंत परंपरा अशीच वागते.

बरेच जण हे ऐकून खट्टू होतात, "म्हणजे ओरिजिनल नाही तर". मला हे अजिबात पटत नाही. किंबर्लीत वांजिना म्हणून पावसाशी जोडलेले पूर्वज आहेत, मोठे डोळे, तोंड नाही, डोक्याभोवती वलय. त्यांना वेळोवेळी ताजं करणं हे तिथल्या लोकांचं काम आहे, नाही केलं तर जमिनीशी असलेलं नातं सुटतं. १९८७ ला काही वांजिना सरकारी पैशाच्या एका प्रकल्पात तरुण मुलांकडून परत रंगवल्या गेल्या तेव्हा मोठा वाद झाला, एका बाजूचं म्हणणं की जगाचा वारसा बिघडवला, दुसऱ्या बाजूचं की आमचं आम्ही सांभाळतोय, तुम्ही कोण. कोण रंगवतंय, कुणाच्या देखरेखीखाली, यावर त्या लोकांमध्येही मतं असू शकतात. पण तो निर्णय कुणाचा आहे हे तरी स्पष्ट असायला हवं.

आणि इथूनच परवानगीचा मुद्दा येतो. काकाडू ही बिनिन्ज आणि मुंगुय लोकांची भूमी, उत्तरेकडचे बिनिन्ज, दक्षिणेकडचे मुंगुय, आणि पार्क ते आणि सरकार मिळून चालवतात. साधारण २० हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश, ५,००० हून जास्त चित्रांच्या जागा नोंदलेल्या, आणि त्यातल्या मोजक्याच पाहुण्यांना खुल्या. बाकीच्या बंद का, तर काही नाजूक आहेत, काही फक्त पुरुषांसाठी किंवा फक्त बायकांसाठी आहेत, काही धोकादायक मानल्या जातात, आणि काहींचं कारण तुम्हाला सांगितलं जाणार नाही. हे शेवटचं पचायला जड जातं. आपल्याला वाटतं माहिती म्हणजे सगळ्यांची. तिथे माहिती टप्प्याटप्प्याने मिळते, वयाने, नात्याने, दीक्षेने. उबिरला माबुयू नावाच्या माणसाचं चित्र आहे, त्याची गोष्ट पाटीवर लिहिलेली असते: तो मासे पकडून दोरीने ओढत नेत होता, कुणीतरी दोरी कापून मासे पळवले, रात्री चोर खाऊन गुहेत झोपले तेव्हा त्याने गुहेच्या तोंडावर भला मोठा धोंडा लावला. चोरी करू नका, संपलं. ही लहान मुलांना सांगायची पातळी आहे, आणि पाहुण्यांना तीच मिळते. आपण तिथे मुलंच. त्यात अपमान काही नाही.

हे नियम सरकारलाही लागू होतात, निदान व्हायला हवेत. काकाडूच्या दक्षिणेला गुनलोम धबधबा आहे, तिथे पवित्र जागेजवळून परवानगी न घेता पायवाट बांधली गेली, बांधली कुणी तर पार्क चालवणाऱ्या यंत्रणेनेच. २०१९ ला ती जागा बंद झाली, प्रकरण पार हायकोर्टापर्यंत गेलं, जे ऑस्ट्रेलियात सर्वोच्च असतं, आणि २०२४ ला निकाल लागला की नॉर्दर्न टेरिटरीच्या पवित्र स्थळांच्या कायद्याखाली केंद्राच्या अधिकाऱ्यावरही खटला चालू शकतो.

रंगवलेल्या चित्रांबद्दलच बोलतोय, पण कोरलेली पण आहेत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मुरुजुगा इथे दहा लाखांवर कोरीव चित्रं असल्याचं मानतात, २०२५ च्या जुलैत ती जागा युनेस्कोच्या यादीत गेली. तिथला दगड प्रचंड कठीण, वरचं तांबूस-काळपट कवच ठोकून काढलं की आतला फिकट दगड दिसतो, तेच चित्र. शेजारीच गॅसचे प्लांट आहेत आणि त्यांच्या धुराने ते कवच खराब होतंय का यावर वर्षानुवर्षं भांडण चाललंय. तो वेगळ्या लेखाचा विषय.

प्रत्यक्ष जायचं तर मे ते सप्टेंबर, कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात उबिरचा रस्ता पाण्याखाली जातो. डार्विनहून जाबिरू गाव अडीचशे किलोमीटर, तिथून उबिर चाळीसेक. पार्कचा पास ऑनलाइन काढून ठेवा. सगळी गर्दी संध्याकाळी वरच्या नादाब लुकआउटवर सूर्यास्त बघायला येते आणि चित्रं पळत पळत बघते, तुम्ही उलटं करा, दुपार उतरताना या, मेन गॅलरीसमोर बसा आणि एकच मासा धरा, त्याच्या खाली कुठला रंग डोकावतोय, त्याच्याही खाली कुठला, असं मागे मागे जात राहा. कोरड्या दिवसांत रेंजर काही जागी बोलतात, ते चुकवू नका, पाटीवर नसलेलं बरंच मिळतं.

जमलं तर गुनबलान्या गावाजवळच्या इंजालाक टेकडीवर स्थानिक गाइडबरोबर जा. ते आर्नहेम लँडमध्ये येतं, तिकडे जायला नॉर्दर्न लँड काउन्सिलची, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमिनींचं बघणाऱ्या संस्थेची, परवानगी आधी काढावी लागते, आणि वाटेत कॅहिल्स क्रॉसिंग लागतं, जिथे नदीवरून रस्ता जातो आणि नदीत मगरी असतात. भरतीच्या वेळा बघूनच गाडी घाला, पायी उतरायचा तर विचारही नको. इंजालाकला जो माणूस चित्रं दाखवतो त्याच्या काकाने किंवा आजोबाने त्यातली काही काढलेली असू शकतात. आणि तो एखाद्या चित्रापाशी गप्प राहून पुढे गेला तर मागून "हे काय आहे" विचारू नका. फोटो काढू का हे मात्र जरूर विचारा. उबिरला स्वतःसाठी काढलेले फोटो चालतात, विकण्यासाठी किंवा जाहिरातीसाठी परवाना लागतो, दुसरीकडे नियम वेगळे. गेलेल्या माणसांची नावं आणि चेहरे दाखवण्याबद्दलही तिथे संकेत आहेत, गाइड सांगेल तसं वागा.

राहिली लोकेशन टाकायची सवय. साउथ ऑस्ट्रेलियात कूनाल्डा गुहा आहे, मऊ चुनखडीवर बोटांनी ओढलेल्या रेषा, सुमारे २२ हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात, मिर्निंग लोकांसाठी पवित्र. गेट-कुंपण असून २०२२ ला कुणीतरी आत घुसून त्याच भिंतीवर मोठ्या अक्षरात खरडलं. ते पुसता पण येत नाही, कारण पुसायला गेलं तर खालच्या रेषाही जातील. म्हणून ट्रेकमध्ये कुठे अनोळखी चित्र दिसलंच, पायवाटेपासून लांब, तर जवळ न जाता परत फिरा, फोनमधलं लोकेशन बंद असल्याशिवाय फोटो कुणाला पाठवू नका, ग्रुपवर तर नकोच, आणि रेंजरला सांगा. बहुतेक वेळा जागेच्या मालकांना ते चित्र माहिती असतंच.